‘रात्री लावा’ एवढंच सांगितलं: रात्रपाळीतला पोरगा आणि पिंपलची ट्यूब

नाव, वर्कशॉप आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पोराला इथं ‘टर्नर’ म्हणते, कारण तो तेच काम करतो. लिहायला त्याची आणि त्याच्या आईची परवानगी आहे. मी डॉक्टर नाही, कोल्हापुरात उद्यमनगरला लागून माझं मेडिकल आहे. काउंटरच्या अलीकडून जे दिसलं आणि माझ्याकडून जे राहिलं, ते मांडते.

पार्श्वभूमी

टर्नर बावीस वर्षांचा. आयटीआय करून गोकुळ शिरगावच्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर, लागलेला. पाळी दर आठवड्याला बदलते. पिंपल सतराव्या वर्षापासून, पण कामाला लागल्यापासून वाढले. मुलतानी माती, लिंबू, टूथपेस्ट असं सगळं करून झालेलं. घरी तांबड्या रश्श्यावर आळ होता आणि मित्रांचा कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधावर. (दूध आणि पिंपल यांचा काही संबंध निरीक्षणांमधून दिसलेला आहे, पण तो पक्का म्हणावा असा नाही. रश्श्याला मी तरी निर्दोष सोडते.)

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो त्वचारोगतज्ज्ञांकडे गेला. कपाळभर बंद आणि काळ्या तोंडाच्या बारीक पुटकुळ्या, गालांवर लाल आणि पू धरलेले फोड, खोल गाठी नाहीत. म्हणजे मध्यम स्वरूपाचे मुरुम. चिठ्ठीवर तीन गोष्टी होत्या: अ‍ॅडॅपलीन ०.१ टक्के आणि बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के असं एकत्र जेल, रोज रात्री एकदा, सौम्य फेसवॉश, आणि तेलकट नसलेलं मॉइश्चरायझर.

त्यानं ट्यूब घेतली. बाकीच्या दोन ओळींवर बोट ठेवून म्हणाला, “ह्ये पगार झाल्यावर नेतो.” मी मान डोलावली. ट्यूब पिशवीत घालताना सवयीनं म्हणाले, “रात्री लावायची, पातळ.” पाठीमागे चार गिऱ्हाईकं उभी होती.

हे दोन घटक एकत्र का दिले जातात तेही सांगते, पुढचं त्याशिवाय कळणार नाही. पिंपलची सुरुवात केसाच्या मुळाशी होते. तिथलं छिद्र मेलेल्या पेशींनी आणि तेलानं बुजतं, आत जंतू वाढतात, मग सूज येते. अ‍ॅडॅपलीन हे रेटिनॉइड आहे, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जातकुळीतलं औषध. ते बुजणं थांबवतं आणि सूजही थोडी उतरवतं. बेंझॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं, आणि अँटिबायोटिकला जंतू जसे सरावतात तसे याला सरावत नाहीत. जुनं रेटिनॉइड ट्रेटिनॉइन साध्या स्वरूपात पेरॉक्साइडबरोबर लावलं तर विघटित होतं. अ‍ॅडॅपलीन टिकतं, म्हणून ही जोडी एका ट्यूबमध्ये बसते. दोन्ही औषधं कातडी कोरडी करतात. चिठ्ठीतलं मॉइश्चरायझर त्यासाठीच होतं. ते डॉक्टरांनी शोभेला लिहिलेलं नव्हतं, आणि मी ते दुकानातच राहू दिलं.

अडचण

अकराव्या दिवशी सकाळी आठला तो परत आला, रात्रपाळी सुटल्यावर थेट. हातात पिळून चपटी झालेली एक ट्यूब होती, पण माझ्याकडून नेलेली नव्हे.

“ताई, ही द्या. ती पैली नको. त्यानं नुसती आग व्हालीया तोंडाची.”

ती गजकर्णाची ट्यूब होती. क्लोबेटासोल, एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीनाशक, तिन्ही एकात. आमच्या भागात या ट्यूबला स्वतंत्र नावच नाही, ‘खाजेची ट्यूब’ म्हटलं की तीच. मशिनवरच्या जोडीदारानं दिली होती. चार रात्री लावली, दुसऱ्याच दिवशी लाली गेली, चेहरा उजळला. “एकदम चकाचक झालंतं ओ,” तो म्हणाला. त्याच्या दृष्टीनं हिशोब सरळ होता: डॉक्टरच्या ट्यूबनं बिघडलं, जोडीदाराच्या ट्यूबनं सुधारलं.

मी त्याला स्टुलावर बसवलं आणि अकरा दिवसांचं सगळं विचारलं. ट्यूब देताना विचारायला हवं होतं ते आता विचारत होते.

पहिले पाच दिवस दिवसपाळी होती. रात्री जेवून झोपताना लावायचा, पण कोल्ड क्रीमसारखा थापून. “पातळ म्हंजे किती, मला काय म्हाईत?” थोडी साल निघाली, पण चालून गेलं. सहाव्या दिवसापासून रात्रपाळी लागली. मी ‘रात्री’ म्हटलं होतं, म्हणून तो रात्री दहाला घरून निघतानाच लावून जायला लागला. वर घाम, मशिन गार ठेवणाऱ्या कूलंटचे बारीक तुषार. तेल पुसायला हाताशी कॉटन वेस्ट, म्हणजे टाकाऊ सुताचा गोळा, ज्यात लोखंडाचा बारीक बूर असतो, त्यानंच तोंड पुसणं. पहाटे हात धुवायच्या साबणानं तोंड खसाखसा धुणं. मग साडेसातला गाडीवरून उन्हात घरी. दुसऱ्या रात्रीपर्यंत नाकाच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोलून निघाले होते. कारण नाकाच्या खाचेत आणि ओठाच्या टोकालाही तो तेवढंच चोपडत होता. ट्यूब कुठं ठेवायचा, तर गाडीच्या डिकीत. डिकी दिवसभर उन्हात. पेरॉक्साइड उष्णतेनं विघटित होतं आणि त्यातून बेंझीनचे अंश तयार होऊ शकतात. ही ट्यूब गार जागी ठेवा असं खोक्यावर छापलेलं असतं. पण खोकं पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेलं होतं.

एकूण काय, औषध बरोबर होतं. माझी सूचना दिवसपाळीच्या माणसासाठी होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काउंटरवर सगळ्यात सोपा: मागितली ती ट्यूब देणं. मी नाही दिली तर दोन दुकानं पुढं मिळाली असती, हे मला माहीत होतं. क्लोबेटासोल हे अतिशय तीव्र स्टिरॉइड. ते सूज दाबतं, रक्तवाहिन्या आकसतात आणि चेहरा तात्पुरता उजळ दिसतो. चेहऱ्यावर आठवडे-महिने लावत राहिलं की कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, एकसारखे दाणे उठतात, आणि थांबवलं की लाली दुपटीनं परत येते. मग माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशभरातल्या १२ त्वचारोग केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले होते. त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. मुरुम हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. २०१८ मध्ये नियम कडक झाले. क्लोबेटासोलसारखी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदावर.

दुसरा पर्याय: सगळं बंद करून कोरफड, कॅलामाइन असं काही हातात देऊन पाठवणं. आग थांबली असती. पण तो डॉक्टरांकडे परत गेला नसता, आणि ‘पिंपलवर औषध चालत नाही’ ही समजूत पक्की झाली असती.

तिसरा: पहिली ट्यूब कमी प्रमाणात चालू ठेवायला सांगणं. सोललेल्या कातडीवर हे नको वाटलं. शिवाय मी सांगून मोकळं व्हावं अशी ही बाब नव्हती, स्टिरॉइड मध्ये आलेलं होतं.

चौथा: डॉक्टरांना फोन.

फोन लावण्याआधी एक गोष्ट मी स्वतः पाहिली. आग झालीय की अ‍ॅलर्जी? आग असेल तर जिथं लावलं तिथं कोरडेपणा, लाली, साल. अ‍ॅलर्जी असेल तर पापण्या, ओठ किंवा जीभ सुजते, अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, श्वास लागतो, चक्कर येते. दुसरं काही दिसलं असतं तर फोनवर चर्चा करत न बसता त्याला सरळ दवाखान्यात पाठवलं असतं. पेरॉक्साइडच्या अशा दुर्मीळ पण गंभीर प्रतिक्रियांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१४ मध्ये इशारा दिला होता. टर्नरचे डोळे फक्त जागरणानं सुजले होते.

काय केलं

खाजेची ट्यूब दिली नाही. तो चिडला. “मग मी काय आसंच फिरू व्हय?” त्याच्यासमोरच क्लिनिकला फोन लावला. डॉक्टर दुपारनंतर भेटणार होते. दरम्यान फेसवॉश आणि मॉइश्चरायझर दिलं, पैसे वहीत मांडले. तो संध्याकाळी उठून क्लिनिकला गेला हे त्याच्या आईनं कळवलं.

डॉक्टरांनी दोन्ही ट्यूब आठवडाभर बंद केल्या. तोंड दिवसातून दोनदाच धुवायचं, बाकी वेळी फक्त मॉइश्चरायझर. स्टिरॉइड चारच रात्री लावलेलं असल्यानं ते एकदम थांबवता आलं. महिनोन् महिने लावणाऱ्यांना डॉक्टर बहुधा हळूहळू उतरवत नेतात, तसं एकदम बंद करणं त्यांनी आपलं आपण करू नये. आणि डॉक्टरांनी त्याला आधीच बजावलं: दोन-तीन दिवसांत लाली परत येईल, घाबरू नको.

ती आलीच. तिसऱ्या रात्री साडेनऊला आईचा फोन, “पोरगं आरशासमोरनं हलंना. जोडीदाराकडनं ट्यूब आणतो म्हणतंय. काय करू ओ?” मला वाटतं, या प्रकरणाचं खरं वळण हेच. तिथं औषधाचा काही भाग नव्हता. लाली येणार हे त्याला आधी सांगितलेलं होतं, म्हणून “डॉक्टर काय म्हणाले होते ते आठव म्हणावं” एवढं वाक्य पुरलं. आधी सांगितलं नसतं तर ते वाक्य माझ्या पदरचं झालं असतं, आणि मेडिकलवालीचं कोण ऐकतं!

आठवड्यानं जेल पुन्हा सुरू करायचं ठरलं, तेव्हा खरा प्रश्न समोर आला: कधी लावायचं? डॉक्टरांनी तीन वाटा मांडल्या. फक्त दिवसपाळीच्या आठवड्यात लावायचं. मग अर्धा उपचार वायाच, कारण अ‍ॅडॅपलीन सातत्यानं लावलं तरच चालतं. कामावर जाताना लावायचं. त्याचा अनुभव झालाच होता. किंवा ‘रात्री’ हा शब्दच सोडायचा आणि जेल झोपेला बांधायचं. रात्रपाळीत तो सकाळी नऊला झोपतो, तर अंघोळ करून, तोंड पूर्ण कोरडं झाल्यावर, पंधरा-वीस मिनिटांनी लावायचं आणि दुपारी उठल्यावर धुवायचं. खोलीला पत्रा आणि पूर्वेची खिडकी, म्हणून आईनं जुन्या साडीचा जाड पडदा लावला. उठून बाहेर पडायचं असेल तर सनस्क्रीन. हीच वाट घेतली.

प्रमाण मी दाखवलं. मटाराच्या दाण्याएवढं बोटावर घ्यायचं आणि पाच ठिपके द्यायचे: कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी. मग पसरायचं. फोडाफोडावर नाही, सगळ्या भागावर, कारण उद्याचा फोड आज न दिसणाऱ्या छिद्रात असतो. डोळ्यांभोवती, ओठांच्या कोपऱ्यांत, नाकाच्या खाचेत नाही. आधी मॉइश्चरायझरचा पातळ थर, वर जेल. पहिले दोन आठवडे दोन दिवसांआड, मग एक दिवसाआड, सोसलं तर रोज. जास्त लावल्यानं लवकर जात नाहीत, नुसती आग होते. पेरॉक्साइडचं तेच: २.५ टक्क्यांचा गुण १० टक्क्यांच्या जवळपासच येतो, जळजळ मात्र कमी. दाढी जेल लावलेल्या कातडीवर नाही, उठल्यावर तोंड धुऊन.

मध्येच निघालेल्या दोन गोष्टी

महिन्याभरानं आई नवी ट्यूब न्यायला आली, अपेक्षेपेक्षा लवकर. पंधरा ग्रॅमची ट्यूब मटाराएवढ्या मापानं इतक्यात संपायला नको. चौकशी केली तर सून पण त्यातलंच लावत होती. टर्नरच्या भावाचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. घरात एक ट्यूब आली की ती सगळ्यांची होते, हे आपल्याकडचं नेहमीचं. पण अ‍ॅडॅपलीन रेटिनॉइड आहे. दिवस गेलेले असताना किंवा तसा विचार असताना ते टाळतात. सासूसमोर हे विचारायचं कसं? मी म्हटलं, “वहिनींना एकदा पाठवा, त्यांच्या कातडीला वेगळं लागेल.” ती आली. हळू आवाजात म्हणाली की पाळी चुकलीय, पण घरात अजून सांगितलेलं नाही. त्याच दिवशी बंद करायला लावलं आणि डॉक्टरांकडे जाऊन ट्यूबबद्दल सांगायला सांगितलं. घाबरवलं नाही, कातडीतून रक्तात अगदी थोडंच जातं. तरी ट्यूब कुणाकुणाच्या हातात जाणार आहे हे मी पहिल्या दिवशी विचारलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट चैत्र यात्रेची. त्यांच्या गावाची सासनकाठी, देवाची उंच सजवलेली काठी, जोतिबाला जाते आणि टर्नर ती धरणाऱ्यांत. चैत्र पौर्णिमेचं ऊन, गर्दी, आणि गुलाल. जोतिबाचा, म्हणजे वाडी रत्नागिरीचा डोंगर त्या दिवशी गुलाबी होतो, माणूस आतून-बाहेरून माखतो. जेलनं नाजूक झालेल्या कातडीत तो गुलाल चरचरणार. न जाण्याचा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांनी चार दिवस आधी जेल थांबवायला सांगितलं. तोंडाला खोबरेल थापून जा असा गावचा सल्ला होता. त्याऐवजी मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावलं, कारण खोबरेल पिंपलवाल्या कातडीची छिद्रं बुजवू शकतं. आल्यावर न घासता दोन-तीनदा धुतलं. जेल पुन्हा दोन दिवसांनी, चुरचुर थांबल्यावर.

फेट्याचं मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही. यात्रेच्या आठवडाभर आधी रात्री जेल लावून झाल्यावर त्यानं नवा गुलाबी फेटा बांधून बघितला. कपाळाला टेकलेली पट्टी पांढरट पिवळी पडली. पेरॉक्साइड रंग उडवतं. उशीचे अभ्रे आणि आईचा टॉवेल आधीच गेले होते, पण ते मी सांगितलेलं असूनही फेटा म्हणजे कापड हे त्याच्या डोक्यात नव्हतं. वडील दोन दिवस बोलले नाहीत. यात्रेला तो फेटा उलटा बांधून गेला.

निष्पत्ती

बारा आठवड्यांनी, एप्रिल संपताना, गालांवरचे पू धरणारे फोड जवळपास थांबले होते, कपाळ बरंच साफ. पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत काहीच फरक नव्हता, तेव्हा तो पुन्हा कंटाळला होता. या जेलचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात हे खोक्यावर पेनानं लिहून दिलेलं उपयोगी पडलं. जुने काळे डाग आहेत, ते जायला महिने लागतील. डॉक्टरांनी जेल चालूच ठेवलंय, आता पुन्हा फोड येऊ नयेत म्हणून.

हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतचे बारीक फोड मात्र जेलनं हलले नाहीत. ते तेलाचे होते. तेलात भिजलेली बाही दिवसभर कातडीला घासली की केसांची मुळं बुजून असे फोड येतात. बाह्या रोज बदलल्या, पुसायला घरून धुतलेलं फडकं न्यायला लागला, हात रॉकेलनं धुणं सोडलं, मग कमी झाले. चेहऱ्यावरच्या बिघाडात तेलाचा वाटा किती आणि तारुण्याचा किती, हे वेगळं काढता आलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

ट्यूब देताना एकच प्रश्न विचारला असता, “झोपता कधी?” तर बरंच टळलं असतं. आता तो विचारते. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असं पाळ्यांवर चालणारं गाव भोवती असताना चौदा वर्षं ‘रात्री लावा’ म्हणत आले, याचं मला नवल वाटतं.

चिठ्ठीतून मॉइश्चरायझर गाळू दिलं ही दुसरी चूक. पैशाची अडचण असेल तर महागडं नको, साधं चालतं, पण जेल एकटं जाऊ द्यायचं नाही. डॉक्टरांशी यावर बोलले. त्यांचं म्हणणं, पहिले दोन आठवडे एकाआड एक लावायचं हे त्यांनीही चिठ्ठीवर लिहायला हवं होतं. सरसकट रोज लिहिण्याची सवय लागलेली असते.

एका निर्णयाबद्दल माझं अजून ठरत नाही. त्या सकाळी मी खाजेची ट्यूब नाकारली, पण ती देणाऱ्या जोडीदारापर्यंत कधी पोचले नाही. टर्नरला म्हटलं होतं, त्याला एकदा घेऊन ये. तो मांडीच्या गजकर्णाला आठ महिने तीच ट्यूब लावतोय म्हणे. जातं, येतं, पसरतं. स्टिरॉइडनं बुरशीचं तेच होतं. वरची लाली दबते आणि आत वाढत राहतं. मे महिन्यात टर्नरनं त्याला दुकानाच्या दारापर्यंत आणलं होतं. आत बायका होत्या. तो गाडीवरूनच उतरला नाही.